लिग्नोकेन, बुपिवाकेन आणि एका कार्बनचा फरक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही एम. फार्म. करताय. लिग्नोकेन, बुपिवाकेन आणि रोपिवाकेन या स्थानिक भुलीच्या औषधांच्या रचना कागदावर सख्ख्या भावंडांसारख्या दिसतात, तिन्ही सोडियम चॅनलच (चेतातंतूच्या पटलातलं, सोडियम आत घेणारं दार) बंद करतात. मग एकाची भूल तास-दोन तासांत उतरते, दुसऱ्याची कितीतरी तास टिकते आणि त्याच दुसऱ्याने हृदय बंद पडू शकतं, असं का? ‘पीकेए कमी तर भूल लवकर’ हे पाठ केलं (पीकेए म्हणजे ज्या सामूला, म्हणजे पीएचला, निम्मे रेणू भारित आणि निम्मे भाररहित असतात तो अंक), तर याच वर्गातलं क्लोरोप्रोकेन त्या नियमात बसत नाही. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की फक्त वेदना थांबवेल, बाकी काही बधिर करणार नाही, असा रेणू करता येईल का.

मी भूलतज्ज्ञ आहे. ही औषधं रोज सिरिंजमध्ये भरतो आणि निवासी डॉक्टरांना ती शिकवतोही, त्यामुळे हा गोंधळ माझ्या ओळखीचा आहे. ‘परिणामकारकता’ हा एकच गुण धरून त्याला रचनेतल्या एकेका गोष्टीशी जोडायला गेलं की गाडी अडते. या रेणूला एकामागून एक तीन कामं करावी लागतात: नसेच्या आवरणांतून आणि पेशीपटलातून आत शिरणं, चॅनलमध्ये जाऊन बसणं, आणि तिथून सुटणं. तिन्ही कामांना लागणारे गुण वेगळे आहेत, काही तर एकमेकांच्या विरुद्ध. रचनेतला एक बदल एका कामाला मदत करतो आणि दुसऱ्यात खोडा घालतो. शिवाय ज्या चॅनलवर हे चालतं तो स्थिर नाही, मिलिसेकंदांत रूप पालटणारा आहे.

आधी रेणूची ओळख. एका टोकाला अॅरोमॅटिक वलय, दुसऱ्या टोकाला अमाइन, मध्ये जोडणारा दुवा, तो एस्टरचा किंवा अमाइडचा. वलय चरबीत रमणारं आहे, अमाइन हायड्रोजन आयन उचलून धनभारित होऊ शकतं. १८८४ मध्ये कार्ल कोलरने डोळ्यात वापरलेलं कोकेन, १९०५ च्या सुमाराचं आइनहॉर्नचं प्रोकेन, १९४३ मध्ये निल्स लोफग्रेनने बनवलेलं लिग्नोकेन, सगळी याच साच्यातली.

आता पहिला पेच. पटल ओलांडायला रेणू भाररहित हवा. पण चॅनलमध्ये घट्ट बसून काम करतो तो मुख्यतः भारित रेणू. हे कसं कळलं, ते मला फार सुंदर वाटतं. लिग्नोकेनच्या नायट्रोजनवर आणखी एक इथिल गट चढवला की क्यूएक्स-३१४ तयार होतं. त्याच्यावर कायमचा धनभार असतो, तो काढताच येत नाही. १९७० मध्ये नाराहाशी, फ्रेझियर आणि यामादा यांनी स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड चेतातंतूवर अशी कायम भारित संयुगं बाहेरून लावून पाहिली, तर फारसं काही झालं नाही. तीच तंतूच्या आत सोडली, तर सोडियमचा प्रवाह थांबला. म्हणजे औषधाची जागा चॅनलच्या आतल्या बाजूला आहे आणि भारित रूप तिथे उत्तम चालतं, फक्त त्याला आत पोचता येत नाही.

ती जागा पुढे नेमकी सापडली. १९९४ मध्ये कॅटरॉल यांच्या गटाने मेंदूतल्या सोडियम चॅनलच्या चौथ्या विभागातल्या सहाव्या खंडातली एकेक अमिनो आम्लं बदलून पाहिली. १७६४ क्रमांकाचं फेनिलअॅलनिन काढून तिथे अॅलनिन घातलं, तेव्हा वारंवार उद्दीपनाने वाढत जाणारा ब्लॉक (औषधाने चॅनल अडवणं) जवळजवळ नाहीसा झाला. औषधाचं भारित अमाइन या फेनिलअॅलनिनच्या वलयावरच्या इलेक्ट्रॉन ढगाशी धरून राहतं. जवळच, १७७१ वरचं टायरोसिनही महत्त्वाचं आहे. वलय एकीकडे, अमाइन दुसरीकडे आणि मध्ये योग्य लांबीचा दुवा, या मांडणीचा अर्थ इथे लागतो.

पीकेएचं गणित इथून सुरू होतं. शरीराचा सामू ७.४ धरला, तर पीकेए ७.९ असलेल्या लिग्नोकेनचे सुमारे २४ टक्के रेणू भाररहित असतात. ८.१ च्या बुपिवाकेनचे १७ टक्के, ८.९ च्या प्रोकेनचे जेमतेम ३ टक्के. त्यामुळे लिग्नोकेन लवकर चढतं, प्रोकेन रेंगाळतं. इथवर तुमचा नियम बरोबर आहे.

याच गणिताने दंतवैद्यांचा रोजचा अनुभवही उलगडतो. दाढेला पू झाला असेल तर तिथे सुई देऊन भूल नीट लागत नाही. सुजलेल्या जागेचा सामू खाली गेलेला असतो. तो ६.४ पर्यंत उतरला असं धरा, लिग्नोकेनचा भाररहित हिस्सा २४ वरून ३ टक्क्यांवर येतो. रेणू तोच, पण आता प्रोकेनसारखा वागतो. अर्थात एवढंच कारण नाही. सुजेत रक्तपुरवठा वाढलेला असल्याने औषध वाहून जातं आणि नसांची संवेदनशीलताही बदललेली असते. म्हणूनच पुवाच्या जागेत आणखी आणखी औषध टोचण्यापेक्षा दूरवर निरोगी ऊतीत नस गाठून ब्लॉक देणं शहाणपणाचं ठरतं.

एक गोष्ट तुम्हाला प्रयोगशाळेत करून बघता येईल. व्हायलमध्ये ही औषधं हायड्रोक्लोराइड क्षार म्हणून असतात, म्हणजे आम्लधर्मी आणि बहुतांश भारित, कारण त्याशिवाय ती पाण्यात विरघळणार नाहीत. अॅड्रेनालिन घातलेलं लिग्नोकेन तर अधिकच आम्लधर्मी ठेवतात, कारण अॅड्रेनालिन आम्लातच टिकतं. म्हणून आम्ही कधी कधी १० मिलि लिग्नोकेनमध्ये साधारण १ मिलि सोडाबायकार्ब घालतो. सामू वर येतो, भाररहित रेणू वाढतात, टोचताना चुरचुर कमी होते आणि भूल थोडी लवकर चढते. आता तेवढंच सोडाबायकार्ब बुपिवाकेनमध्ये घाला आणि सिरिंज उजेडात धरा. स्वच्छ द्रावण ताकासारखं पांढुरकं होतं आणि तळाशी कण बसू लागतात. बुपिवाकेनचं भाररहित रूप पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. पुस्तकात ‘लिपिड विद्राव्यता जास्त’ अशी जी ओळ तुम्ही वाचता, ती इथे डोळ्यांना दिसते.

मग क्लोरोप्रोकेनचं काय? त्याचा पीकेए ८.७ आहे. नियमाप्रमाणे ते सुस्त हवं, पण एपिड्युरलमध्ये (पाठीच्या कण्यात मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर दिलेल्या भुलीत) ते सगळ्यांत चपळ ठरतं. कारण आपण ते ३ टक्के देतो, बुपिवाकेन ०.५ टक्के. दर मिलिलिटरमागे सहापट रेणू ओतले, तर त्यांतला छोटा हिस्सा भाररहित असला तरी पुरतो. इतकं जास्त देता येतं, याचं कारणही रचनेतच आहे. वलयावरचा क्लोरिन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे शेजारचा एस्टर बंध रक्तातल्या स्यूडोकोलिनएस्टरेज या एन्झाइमपुढे लगेच तुटतो. रक्तात पोचलेलं औषध एका मिनिटाच्या आत निम्म्यावर येतं. विषबाधेची भीती कमी, म्हणून मात्रा मोठी, म्हणून चढण्याचा वेग जास्त. पीकेएचा नियम मोडलेला नाही. तो ‘बाकी सगळं सारखं असेल तर’ असा आहे, आणि इथे बाकी काहीच सारखं नाही. (ज्या रुग्णात हे एन्झाइम जन्मतः सदोष असतं, तिथे ही सुरक्षितता कमी होते. तसा कुटुंबातला इतिहास मी आवर्जून विचारतो.)

आता शीर्षकातला एक कार्बन. मेपिवाकेन, रोपिवाकेन आणि बुपिवाकेन ही एकाच सांगाड्याची औषधं आहेत. तेच दोन मिथिल असलेलं वलय, तोच अमाइड, तेच पायपेरिडिनचं कडं. फरक आहे पायपेरिडिनच्या नायट्रोजनवरच्या साखळीत: मेपिवाकेनला मिथिल, रोपिवाकेनला प्रोपिल, बुपिवाकेनला ब्यूटिल. साखळी लांबली की रेणू चरबीत जास्त रमतो, प्रथिनांना जास्त चिकटतो, चॅनलच्या आतल्या तेलकट भिंतीला जास्त धरून राहतो. मात्रा कमी लागते, भूल लांब चालते. मेपिवाकेनपासून बुपिवाकेनपर्यंत फक्त तीन कार्बन वाढले आणि ताकद सुमारे चौपट झाली.

याची किंमत हृदय मोजतं. त्यासाठी चॅनलच्या अवस्था समजून घ्याव्या लागतात. सोडियम चॅनल विश्रांतीत असतो, आवेग आला की उघडतो आणि एक-दोन मिलिसेकंदांत निष्क्रिय होतो. पटलाचा व्होल्टेज पूर्ववत झाला की पुन्हा विश्रांतीत जातो. १९७७ मध्ये बर्टिल हिले यांनी मांडलं की या औषधांची पकड अवस्थेनुसार बदलते: विश्रांतीत सैल, उघड्या आणि निष्क्रिय अवस्थेत घट्ट. म्हणून जो तंतू जास्त वेळा आवेग पाठवतो, तो जास्त ब्लॉक होतो. आणि प्रत्येक ठोक्यानंतर औषध किती लवकर सुटतं, यावर सगळं ठरतं.

१९८५ मध्ये क्लार्कसन आणि होन्डेघेम यांनी हृदयाच्या स्नायूवर हेच मोजलं. लिग्नोकेन लवकर आत जातं आणि लवकर बाहेर येतं, त्यातून सावरण्याचा कालस्थिरांक (ज्या वेळात अडवलेल्यांपैकी सुमारे ६३ टक्के चॅनल मोकळे होतात तो) सुमारे १५० मिलिसेकंद. बुपिवाकेनही लवकर आत जातं, पण सुटायला त्याला सुमारे दीड सेकंद लागतो. आता हा हिशेब स्वतः करून बघा. नाडी ७५ असेल तर दोन ठोक्यांमध्ये ८०० मिलिसेकंद, त्यातले विश्रांतीचे साधारण ५००. एवढ्या वेळात लिग्नोकेनने अडवलेले ९६ टक्के चॅनल मोकळे होतात. बुपिवाकेनने अडवलेले जेमतेम २८ टक्के. पुढच्या ठोक्याला उरलेल्यांत नवे अडकतात, त्याच्या पुढच्याला आणखी. नाडी वाढली तर मोकळं व्हायला वेळ आणखी कमी. ब्लॉक साचत जातो, आवेग वहन मंदावतं आणि शेवटी लय बिघडते.

माझ्या कामात हा हिशेब पावलोपावली येतो. हाताला टुर्निके (रक्त अडवणारा पट्टा) बांधून शिरेतून भूल देतात, त्या बिअर ब्लॉकला मी बुपिवाकेन कधीच वापरत नाही आणि निवासी डॉक्टरांना वापरू देत नाही. टुर्निके चुकून आधी सुटला तर सगळं औषध एकदम हृदयात पोचतं. तिथे कमी तीव्रतेचं लिग्नोकेनच. याउलट हृदयविकारात वेंट्रिकलची (हृदयाच्या खालच्या कप्प्याची) गती बेफाम झाली, तर तेच लिग्नोकेन शिरेतून औषध म्हणून देतात. रक्तपुरवठा तुटलेल्या स्नायूत चॅनल जास्त वेळ निष्क्रिय असतात आणि सामू खाली गेलेला असतो, म्हणून लिग्नोकेन आजारी भागात जास्त धरतं आणि निरोगी भागातून सुटून जातं. भूल द्यायच्या रेणूला हृदयाचं औषध बनवणारा गुण कोणता, तर तो लवकर सुटतो एवढाच.

१९७९ मध्ये अल्ब्राइट यांनी एका संपादकीयात बुपिवाकेन आणि एटिडोकेन या औषधांनंतर हृदय बंद पडण्याच्या घटनांकडे लक्ष वेधलं, तेव्हापासून पर्यायाचा शोध सुरू झाला. उत्तर दोन दिशांनी आलं आणि दोन्ही रचनेतली आहेत. साखळीतला एक कार्बन कमी करा. आणि पायपेरिडिनच्या ज्या कार्बनला चार वेगवेगळे गट जोडलेले आहेत, तिथला आरसा-प्रतिमेचा प्रश्न सोडवा. नेहमीच्या बुपिवाकेनमध्ये दोन्ही प्रतिमा (त्यांना आर आणि एस म्हणतात) निम्म्या-निम्म्या असतात. त्यातली आर प्रतिमा हृदयाच्या चॅनलला जास्त चिवटपणे धरते. लिव्होबुपिवाकेन म्हणजे फक्त एस प्रतिमा. रोपिवाकेनमध्ये दोन्ही उपाय एकत्र आहेत, प्रोपिल साखळी आणि शुद्ध एस. ते स्नायूंच्या जाड, मायलिनने वेढलेल्या तंतूंत थोडं कमी शिरतं, त्यामुळे वेदना थांबूनही पाय हलवता येतात. बाळंतपणाच्या एपिड्युरलमध्ये याचं मोल मोठं आहे. पण रोपिवाकेन बिनधोक आहे असं कुणी समजू नये. मात्रा ओलांडली किंवा शिरेत गेलं तर त्यानेही झटके येतात.

मात्र आरसा-प्रतिमांचं महत्त्व चॅनलगणिक वेगळं असतं. लिग्नोकेनला तसा कार्बनच नाही, त्यामुळे प्रश्नच नाही. बुपिवाकेनमध्ये फरक मध्यम आहे. कॅल्शियम चॅनलवर चालणाऱ्या डायहायड्रोपिरिडिन वर्गातल्या संयुगांमध्ये तो टोकाला जातो. बे के ८६४४ नावाच्या संयुगाची एक प्रतिमा चॅनल उघडा ठेवते आणि दुसरी तोच बंद करते. तुमच्या घरात कुणी रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन घेत असेल, तर त्यातली एस प्रतिमाच चॅनल रोखते. आपल्याकडे फक्त एस असलेली गोळी निम्म्या मात्रेत मिळते ती त्यामुळेच.

बुपिवाकेनच्या विषबाधेवर आज जो उपाय आमच्या हाताशी असतो, तोही त्याच्या चरबीप्रेमातून आलेला आहे. गाय वाइनबर्ग यांनी १९९८ मध्ये उंदरांवर दाखवलं की शिरेतून दिलेलं लिपिड इमल्शन हृदयाला वाचवू शकतं. चरबीचे थेंब रक्तातून फिरताना औषध हृदय आणि मेंदूकडून उचलून स्नायू आणि यकृताकडे नेतात, शिवाय हृदयाला थेट बळही मिळतं. पहिली मात्रा २० टक्के इमल्शनची, किलोमागे १.५ मिलि. जिथे मोठे ब्लॉक दिले जातात, तिथे ही बाटली कुलपात असता कामा नये, हाताशीच हवी. यावर मी अडून बसतो.

दुव्याबद्दल थोडक्यात. एस्टर रक्तात तुटतो आणि प्रोकेनसारख्यांतून पॅरा-अमिनोबेंझॉइक आम्ल निघतं, त्याची काहींना अॅलर्जी असते. अमाइड यकृतात तुटतो. लिग्नोकेनच्या वलयावर दुव्याच्या दोन्ही बाजूंना असलेले मिथिल गट या अमाइडला आडोसा देतात, म्हणून तो चिवट. प्रिलोकेनमध्ये त्यातला एकच मिथिल आहे. ते लवकर तुटतं आणि त्यातून निघणारं ऑर्थो-टोल्युइडिन हिमोग्लोबिनचं प्राणवायू वाहू न शकणारं मेथहिमोग्लोबिन करतं. तान्ह्या बाळांना प्रिलोकेन असलेलं बधिरतेचं मलम फासताना जपायचं ते यासाठी.

इथवरचं एकत्र: पीकेए आत शिरण्याचा वेग ठरवतं, पण मात्रा आणि ऊतीचा सामू त्यावर मात करू शकतात. साखळीची लांबी पकड आणि टिकाऊपणा ठरवते, आणि त्यासोबत सुटण्याचा वेळ. दुवा विल्हेवाट ठरवतो. त्रिमितीय मांडणी किती मोजायची, ते चॅनलवर अवलंबून. आणि प्रत्यक्ष रुग्णात नस कुठली, अॅड्रेनालिन घातलंय का, वय, गर्भारपण, यकृताची अवस्था यांमुळे हे सगळं मागेपुढे होतं. दोन औषधांची तुलना परीक्षेत विचारली तर आधी ‘कशाची तुलना?’ हे स्वतःला विचारा. चढण्याची, टिकण्याची, की हृदयावरच्या धोक्याची? उत्तराची दिशा तिथे ठरते.

आता शेवटचा प्रश्न, फक्त वेदना थांबवण्याचा. सोडियम चॅनलचे नऊ प्रकार आहेत, १.१ ते १.९ अशा क्रमांकांनी ओळखले जाणारे. हृदयात मुख्यतः १.५, वेदनेच्या तंतूंत १.७ आणि १.८. पण छिद्राच्या आतली जागा, जिथे लिग्नोकेन बसतं, ती या सगळ्यांत जवळजवळ सारखी आहे. म्हणून वलय-दुवा-अमाइन या साच्यात कितीही शेपट्या बदलल्या, तरी निवड फारशी साधत नाही.

त्यातून दोन वाटा निघाल्या. एक, रेणू तोच पण दार वेगळं. २००७ मध्ये बिन्श्टोक, बीन आणि वूल्फ यांनी उंदरांमध्ये क्यूएक्स-३१४ आणि मिरचीतलं कॅप्सेसिन एकत्र दिलं. कॅप्सेसिन वेदनेच्या तंतूंवरचा टीआरपीव्ही१ हा चॅनल उघडतं आणि त्या रुंद छिद्रातून कायम भारित क्यूएक्स-३१४ फक्त त्याच तंतूंत शिरतं. वेदना थांबली, हालचाल शाबूत राहिली. कल्पना अप्रतिम आहे, पण सुरुवातीला कॅप्सेसिनची आग होते आणि माणसांसाठी ते अजून आमच्या टेबलावर आलेलं नाही.

दुसरी वाट म्हणजे जागाच बदलणं. चॅनलचे व्होल्टेज ओळखणारे भाग प्रकारागणिक बरेच वेगळे आहेत. सुझेट्रिजिन हे वेदनाशामक १.८ च्या अशा दुसऱ्या क्रमांकाच्या भागाला धरतं. लिग्नोकेनचा वलय-दुवा-अमाइन साचा त्यात नाही आणि ते छिद्रात शिरत नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत प्रौढांच्या मध्यम ते तीव्र अल्पकालीन वेदनेसाठी ते मान्य झालं. पोटाच्या आणि पायाच्या अंगठ्याच्या शस्त्रक्रियांनंतर ते प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या गोळीपेक्षा) सरस ठरलं, पण हायड्रोकोडोन (अफूवर्गीय औषध) आणि पॅरासिटामॉलच्या जोडगोळीपेक्षा सरस ठरलं नाही. वेदना एकट्या १.८ वरून वाहत नसावी, असं त्यातून वाटतं. १.७ जन्मतः निकामी असलेल्या माणसांना वेदना जाणवतच नाही, हे २००६ पासून माहीत आहे, तरी १.७ वर बेतलेली औषधं अजून यशस्वी झालेली नाहीत.

तेव्हा तुम्हाला या क्षेत्रात काम करायचं असेल, तर माझ्या दृष्टीने छिद्रातल्या जागेपेक्षा व्होल्टेज ओळखणाऱ्या भागांवरचे रेणू जास्त वाव देतील. शस्त्रक्रियेच्या टेबलावर मात्र मला अजून बराच काळ जुना साचाच लागणार आहे. तिथे वेदना थांबून भागत नाही, स्नायूही सैल पडावे लागतात, आणि ते काम सगळ्या प्रकारांना सारखंच धरणारं बुपिवाकेन चोख करतं.